पांढऱ्या रुमालाचा हुकूम

"बाबा, ती पोरगी आहे, घोडी नाही!"

विनिता बँकेतून धावत आली होती. पायांतल्या चपलासुद्धा अजून निघाल्या नव्हत्या. समोर तिचे सासरे मल्हारराव गळ्यात बँडचा मोठा ढोल अडकवून उभे होते. ज्या पोरीवरून हे चाललं होतं, ती आठ वर्षांची गरिमा आजीच्या पदरात तोंड खुपसून बसली होती. तासाभरापूर्वी ढोल ऐकून ती जी पळाली, ती थेट सराफा बाजारातल्या ओळखीच्या सोनाराच्या काउंटरखाली शिरली. सोनाराने विनिताला फोन केला होता, "बहनजी, बिटिया हमारे यहाँ है, चिंता की बात नहीं. बस, ग्राहक समझ रहे हैं कि छापा पड़ा है."

"घोडी कोण म्हणालं?" मल्हाररावांनी साळसूदपणे विचारलं.

"मी सांगितलं तिला," सुधाताई नातीला थोपटत म्हणाल्या. "सगळं सांगितलं. खडूच्या रेघांसकट."

मल्हाररावांनी एकतीस वर्षं पोलीस बँडात मोठा ढोल वाजवला होता. परेड असो, मिरवणूक असो, साहेबांचा निरोप समारंभ असो, ते मागच्या रांगेत. लोक बिगुलवाल्याकडे बघत, छडी फिरवणाऱ्या बँडमास्तरकडे बघत. ढोलवाल्याचं तोंड कुणाला दिसत नसे. घरात बँडचे सात-आठ फोटो होते. प्रत्येकात एक ढोल आणि त्याच्या खाली दोन बूट. ते बूट आपले, असं मल्हारराव पाहुण्यांना बोट ठेवून दाखवत.

त्या नोकरीने त्यांना पेन्शन दिली आणि डावा कान नेला. पुढे जुने बँडमास्तर दौलतसिंह यांनी निवृत्त मंडळींचा बँड काढला, तिथेही हे मागेच. आता उजवा खांदाही कुरकुरायला लागला होता. यंदा मेल्यात, म्हणजे शहराच्या मोठ्या वार्षिक जत्रेत, शेवटचं वाजवायचं आणि ढोल खाली ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. इच्छा एकच उरली होती. नातीने एकदा तरी समोर उभं राहून आपल्याला वाजवताना बघावं.

आणि नात कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली. घरात एकाला काही ऐकू येत नव्हतं आणि एकीला सगळंच ऐकू येत होतं. काकाच्या वरातीत ती गाडीच्या काचा बंद करून बसली. गेल्या वर्षी मेल्याच्या फाटकाशी कुणीतरी पिपाणीसारखा भोंपू वाजवला आणि ती तिथूनच परत फिरली. मेल्यातली सॉफ्टी तिने पार्किंगमध्ये खाल्ली. मेला कसा असतो, असं कुणी विचारलं तर ती सांगे, "गाड्यांचा असतो."

विनिता तिला सिटी सेंटरला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली होती. बाई म्हणाल्या, हे नखरे नाहीत, आवाज हिच्या कानात मोठा होऊन शिरतो. जबरदस्ती करू नका, काय होणार ते आधी सांगा, हळूहळू सवय लावा, आणि नको झालं तर तिला निघून जाता आलं पाहिजे.

मल्हाररावांनी यातलं 'हळूहळू सवय' एवढंच उचललं. ते त्यांना माहीत होतं. त्यांचे आजोबा रिसाल्यात होते. नवा घोडा तोफेला बिचकू नये म्हणून काय करत, हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं. घोड्याच्या तोंडाला चण्याचा तोबरा बांधायचा, मैदानाच्या पार टोकाला बार काढायचा. खाण्याच्या नादात घोडा नुसते कान हलवतो. दुसऱ्या दिवशी तोफ दहा पावलं जवळ. महिन्याभरात घोडा तोफेशेजारी उभा राहून चणे खातो.

तेव्हा त्यांनी टोपी बाजाराकडच्या तोंडापासून दारापर्यंत गल्लीत खडूने बारा रेघा मारल्या. चण्यांच्या जागी तिळाची कुरकुरीत गजक घेतली. गरिमा ओट्यावर गजक खात बसायची आणि आजोबा दूरच्या रेघेवरून एक ठोका द्यायचे. तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी त्यांना वाटलं, गडी तयार आहे, आणि त्यांनी चार रेघा एकदम ओलांडल्या.

"आजोबांच्या घोड्याला एका महिन्यात जमलं," ते पुटपुटले.

"घोड्याला विचारलं होतं का कुणी, की बाबा रे, जमलं का?" सुधाताई म्हणाल्या.

विनिताने चपला काढल्या. "बाबा, मेल्याचं राहू द्या यंदा. तुम्ही वाजवा, मी व्हिडिओ बनवते. ती आवाज बंद करून बघेल."

एकतीस वर्षं ढोल वाजवला आणि नात तो आवाज बंद करून बघणार! मल्हाररावांनी ढोल उतरवला, कोपऱ्यात ठेवला, आणि वर चादर टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गरिमा स्वतःच ती चादर काढून उभी राहिली.

"आबा, तुम्ही चीटिंग करता."

"मी काय केलं?"

"तुम्ही कधी वाजवणार ते मला माहीतच नसतं. मी गजक खाते, पण पूरा टाइम वाट बघते, आता वाजेल, आता वाजेल. गजकची टेस्टच नाही येत."

चणे खाणाऱ्या त्या घोड्यांच्या मनात काय चाललं असेल, हे मल्हाररावांच्या घरात तीन पिढ्यांत कुणाला सुचलं नव्हतं.

"मग काय करू?"

तिने त्यांच्या बंडीच्या खिशातून पांढरा रुमाल ओढून काढला. "मी रुमाल वर केला, की वाजवायचं. खाली केला, की बंद. मी नाही केला, तर नाही वाजवायचं. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मल्हारराव म्हणाले. हुकमाने वाजवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

पण असा बँडमास्तर त्यांनी नोकरीत पाहिला नव्हता. हा नवा मास्तर आजोबांना काठी उगारून उभं करायचा आणि मग पाणी प्यायला आत जायचा. एकदा रुमाल वर जातच होता, तेवढ्यात त्याला मांजर दिसलं.

"अगं, खांदा दुखतोय माझा!"

"हिलना नहीं, आबा. मी रेडी नाहीये."

मात्र रुमाल वर जायला लागला. आधी दिवसातून एकदा, मग चारदा. आठव्या रेघेवर, पाचव्या रेघेवर. विनिताने आवाज अडवणाऱ्या, कानांवर लावायच्या नारिंगी वाट्या मागवल्या, त्या घालून गरिमा गल्लीत आली, तेव्हा तिथून जाणारा तो सोनार कौतुकाने म्हणाला, "पायलट बन गई." ढोल दारात आला आणि आजोबांनी गाण्यातली ढोलाची एकट्याची जागा अख्खी वाजवली, त्या दिवशी सुधाताईंनीच कानांत बोटं घातली.

मेल्याचा दिवस विनिताने बँकेच्या तपासणीसारखा आखला. आदल्या दिवशी दुपारी मोकळा मांडव दाखवून आणला. मागच्या फाटकाने शिरायचं, मंचाच्या बाजूला उभं राहायचं, नको झालं की सरळ गाडीत. "तीन गाणी झाली तरी खूप झालं," ती म्हणाली.

संध्याकाळी चार वाजता बारा म्हातारे लाल कोट घालून मंचावर उभे राहिले. दौलतसिंहांनी मिशी सारखी केली, छडी उचलली आणि खाली आणली. बँड सुरू झाला. मोठा ढोल सुरू झाला नाही.

मल्हारराव काठी उगारून उभे होते आणि त्यांचे डोळे मंचाच्या बाजूला होते. तिथे गरिमा आईला चिकटून, नारिंगी वाट्या दोन्ही हातांनी दाबून उभी होती. रुमाल बोटांत अडकवलेला, खाली लोंबत.

"मल्हार!" दौलतसिंह दात आवळून म्हणाले. "अरे, बजा!"

"हुकूम नाही."

"कुणाचा हुकूम? मास्तर मी आहे का तू?"

"दोघंही नाही."

ढोलाविना जागच्या जागी टाकायची पावलं चुकायला लागली. बासरीवाला उजवा पाय टाकत होता, तुतारीवाला डावा. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला विचारलं, "ये पीछे वाले दादाजी पुतला हैं क्या?" मल्हाररावांच्या खांद्यातून कळ निघत होती. काठी खाली आणली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. एकच ठोका. शेवटचा कार्यक्रम होता.

त्यांनी काठी तशीच धरली.

एक कडवं गेलं. दुसरं अर्धं झालं. मग गरिमाने एक हात वाटीवरून काढला, डोळे मिटले आणि रुमाल वर केला.

ठोका असा पडला की मंचाची फळी हलली. अकरा जणांचे पाय एका क्षणात जुळले. गरिमाने एक डोळा उघडला, मग दुसरा. रुमाल वरच होता. पहिलं गाणं संपलं, दुसरं झालं, आणि दुसऱ्याच्या शेवटी ती आईला सोडून दोन पावलं पुढे आली.

तिसरं गाणं मल्हाररावांचं होतं. त्याच्या शेवटी सगळे थांबतात आणि मोठा ढोल एकटा वाजतो. एकतीस वर्षांत लोक मागच्या रांगेकडे बघत ते एवढंच. गाणं मध्यावर आलं आणि समोर कुठेतरी भोंपू वाजला. गरिमाचा चेहरा आक्रसला. तिने आजोबांकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि रुमाल खाली केला.

मल्हाररावांनी काठी थांबवली. दौलतसिंहांना मानेनेच नमस्कार केला आणि ढोलासह मंच उतरले. दौलतसिंहांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा त्या पोरीकडे पाहिलं. मग छडी कपाळाला लावली.

पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटला टेकून आजोबा आणि नात सॉफ्टी खात होते. ढोल दोघांच्या मधे उभा ठेवला होता. लांबून तेच गाणं येत होतं; ढोलाविना विस्कटलं म्हणून दौलतसिंहांनी ते पुन्हा पहिल्यापासून घेतलं होतं.

"आबा, मी बंद केलं म्हणून राग आला?"

"हुकूम म्हणजे हुकूम."

गरिमाने एका कानावरची वाटी सरकवली आणि ऐकू लागली. सगळी वाद्यं थांबली. मल्हाररावांची जागा आली होती आणि मंचावर ती रिकामी जात होती.

तिने सॉफ्टी डाव्या हातात घेतली, त्याच हाताने रुमाल वर केला, आणि उजव्या हाताच्या एका बोटाने ढोलावर हळूच ठोके द्यायला लागली. दारातल्या सरावात आजोबा देत तसेच, एकही न चुकता.

मल्हाररावांना ते ऐकू येण्यासारखे नव्हते. त्यांनी ढोलाच्या दुसऱ्या बाजूला तळहात टेकला आणि रुमाल खाली जाईपर्यंत तसाच ठेवला.