केमच्या अलीकडे अडकलेली गाडी

मी एक हार्ड डिस्क बोलतेय. लॅपटॉपच्या पोटातली नव्हे, बाहेरून केबलने जोडतात ती. काळी, तळहाताएवढी, शर्टाच्या खिशात मावणारी. माझ्या आत एक चकती गरगर फिरते आणि तिच्यावर, केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर, एक बारीक सुई तरंगते. सुई चकतीला घासली की तिथलं लिहिलेलं कायमचं जातं. हे मला जन्मापासून ठाऊक आहे. त्यामुळे मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते.

नव्या पेठेतल्या एका दुकानातून बुद्धप्रियाने मला आणलं. ती सोलापूरच्या भवानी पेठेत आईवडिलांसोबत राहते आणि घरी बसून एका विमा कंपनीचे अर्ज तपासते. खालच्या मजल्यावर यंत्रमाग चालतात. त्यांची खडखड टेबलाच्या पायांतून वर येते आणि मला हादरे बसतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, मी इथे आठवडाभरही टिकणार नाही.

बुद्धप्रियाने आधी घरचे सगळे फोटो माझ्यावर ठेवले. नागपूरला दीक्षाभूमीवर तिघांनी काढलेले, मोठ्या बहिणीच्या लग्नातले. त्यानंतर तिने एक खेळ टाकला आणि वडिलांना हाक मारली.

"पप्पा, बघा, रेल्वे चालवायचा खेळ. माझा लॅपटॉप ऑफिसच्या कामानं भरलाय, म्हणून डिस्कवर टाकलाय. डिस्क जोडली की खेळ चालतो. काढताना मात्र आधी इथं बंद करायचं, मग केबल काढायची. चालू असताना ओढली तर डिस्क बिघडते."

"एवढं कळतंय की मला," हरिदास म्हणाले. "मालगाडी चालवतो मी."

'चालवतो' म्हणाले खरे. पण महिना झाला, ते गाडी चालवत नव्हते. घरी होते.

का घरी होते, ते मला हळूहळू कळलं. हिवाळ्यात त्यांच्या गाडीखाली एक बाई आली होती, कुर्डुवाडीच्या पुढच्या केम स्टेशनच्या अलीकडे. चौकशीत त्यांची काही चूक निघाली नाही आणि ते कामावर परतले. पण दोन आठवड्यांनी त्याच जागी त्यांनी करकचून ब्रेक लावला आणि भरलेली मालगाडी रुळावर उभी केली. रुळावर कुणीच नव्हतं. साहेबांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बाई होती." शेजारी बसलेल्या सहायकाने मान खाली घातली. त्यानंतर त्यांना विश्रांतीला पाठवलं. रेल्वेच्या डॉक्टरांनी तपासून होकार दिल्याशिवाय इंजिनवर चढायचं नाही, असं ठरलं.

बुद्धप्रियाला वाटलं, खेळात त्यांचा वेळ जाईल. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती लॅपटॉप त्यांच्या स्वाधीन करायची आणि आईला, शालनबाईंना, मदत करायला आत जायची.

त्या खेळात कुणा हौशी माणसाने आपला सोलापूर-दौंड मार्ग बनवून घातला होता. स्टेशनं, पूल, फाटकं, सगळं. पहिल्या दिवशी हरिदास खूश झाले. मोहोळ गेलं, माढा गेलं. "ह्यो सिग्नल हितं न्हाय, जरा फुडं हाय," असं ते स्वतःशीच म्हणायचे. मी भराभर फिरत पुढचे रूळ, पुढची झाडं त्यांच्यासमोर मांडत होते. मलाही बरं वाटलं. कुर्डुवाडी मागे पडली.

मग केम जवळ आलं. हरिदासांनी टेबलाची कड आवळून धरली. तो दाब मला मागांच्या खडखडीतूनही वेगळा ओळखता आला. त्यांनी हॉर्न वाजवला, परत वाजवला, ब्रेक दाबला. पडद्यावरची गाडी मंदावत होती, पण थांबत नव्हती. आणि हरिदासांनी हात घालून माझी केबल ओढून काढली.

वीज जाते म्हणजे काय होतं, ते कसं सांगू? चकती जोरात फिरत असते, सुई मधेच कुठेतरी असते आणि खालची हवाच निघून जाते. सुईला जीव मुठीत धरून कोपऱ्यात पळावं लागतं. त्या दिवशी ती पोचली. टक् असा आवाज झाला. मी गार पडेपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मोहोळ, माढा, कुर्डुवाडी आणि मग केमच्या अलीकडे हिसका. सोलापूरचा मे महिना, वर पत्रा, माझं अंग आधीच तापलेलं. कुर्डुवाडीचा फलाट दिसू लागला की माझ्या सुईला कोपरा गाठायची घाई व्हायची. तो माणूस वाईट नव्हता. केबल पुन्हा जोडताना तो मला अंगठ्याने पुसायचा. पण मला त्याच्या हातांची भीती बसली होती.

आतून शालनबाई विचारायच्या, "अहो, झालं का खेळून?"

"झालं की. पोचली गाडी," असं ते सांगायचे.

एका दुपारी सुई कोपऱ्यात पोचली नाही. चकतीला घासली. लहानसाच ओरखडा उठला, पण तो नेमका ती जिथे वाचत होती तिथे, म्हणजे केमच्या अलीकडच्या त्या रुळांवर. आता मला ते रूळ वाचताच येईनात. तिथे आले की मी अडखळायचे, टकटक करायचे, पुन्हा मागे जाऊन बघायचे. काही दिसायचं नाही. ज्या जागेला ते घाबरत होते, त्याच जागेला आता मीही घाबरू लागले.

डॉक्टरांकडे जायला चार दिवस उरले होते. त्या दुपारी हरिदास ओठ आवळून बसले. कुर्डुवाडी गेली. हॉर्न वाजला. त्यांचा हात केबलकडे आला नाही. पण मीच अडकले. पडद्यावरचं चित्र जागच्या जागी थिजलं. समोर रूळ, दोन्ही बाजूंना शेत, आणि गाडी ना पुढे ना मागे.

हरिदास खुर्चीवरून उठले. "प्रिया! अगं प्रिया! मी काय केलं न्हाय. आपोआप थांबली!"

बुद्धप्रिया धावत आली. तिने माझी टकटक ऐकली, माझ्यावर हात ठेवला आणि चटकन उचलला, इतकी मी तापले होते.

"पप्पा, केबल ओढत होता का तुम्ही?"

हरिदासांनी खुर्ची मागे सरकवली.

"पप्पा, यात घरचे सगळे फोटो आहेत. दुसरीकडं कुठंच नाहीत. खरं सांगा."

"रोज," ते म्हणाले. "रोज ओढली."

"पण का? खेळ आहे हा. या खेळात रुळावर माणूस येतच नाही. तसं बनवलेलंच नाही त्यात."

"म्हणून तर भ्या वाटतं," हरिदास म्हणाले. "त्या दिवशीबी रुळावर कुणी नव्हतं. नव्हतं, नव्हतं, आणि मग होतं."

शालनबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हरिदास थिजलेल्या पडद्याकडे बघत बोलू लागले. इतक्या महिन्यांत ते या घरात पहिल्यांदाच हे बोलत होते, हे त्या दोघींच्या चेहऱ्यांवरून मला कळलं.

"तिच्या डोक्यावर कडबा होता. केवढा मोठा भारा. त्यानं कान झाकलं असतील, दिसलंबी नसंल. मी हॉर्नवरनं हात काढलाच न्हाय. ब्रेक लावला. पर भरलेली गाडी, एक किलोमीटर लागतोय थांबायला. मी नुसता बघत बसलो. तिचं नाव काय हुतं, ते बी मला कुणी सांगितलं न्हाय."

खालचे माग तेवढे चालू होते.

"डॉक्टरांना काय सांगणार तुम्ही?" शालनबाईंनी विचारलं.

"सांगणार हुतो, बरा हाय म्हणून. न्हायतर इंजिन गेलं हातातनं. मग मी कोण?"

"आणि परत गाडी उभी केली तर? मागनं दुसरी आली तर?" शालनबाई टेबलापाशी आल्या. "मला रोज तेच दिसतं हो. तुमाला बोलले न्हाई एवढंच."

हरिदासांनी बायकोकडे पाहिलं. घरात आणखी कुणीतरी घाबरलेलं आहे, हे बहुधा त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बुद्धप्रियाने खेळ बंद केला. थिजलेलं चित्र जायला बराच वेळ लागला. मग रेल्वेला द्यायच्या अर्जासाठी तिने कोरं पान उघडलं. "सांगा पप्पा, मी लिहिते."

"लिही," ते म्हणाले. मग तिच्या शेजारी बसत, "लिही, की मला भीती वाटते."

त्या अर्जानंतर त्यांना कुर्डुवाडीत ऑफिसचं काम मिळालं. दर आठवड्याला एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बोलायचं, हेही ठरलं. पहिले काही आठवडे त्या दिवशी ते घरी येऊन जेवायचे नाहीत. एका रविवारी ते शालनबाईंना घेऊन केमला गेले. त्या बाईचं घर त्यांनी शोधून काढलं. तिचं नाव राजाबाई होतं. तिच्या मुलाने त्यांना पाणी दिलं. त्या दिवसापासून घरात तिच्याबद्दल बोलताना 'ती बाई' असं कुणी म्हटलं नाही.

पाच महिन्यांनी डॉक्टरांनी होकार दिला. आधी बरेच दिवस दुसऱ्या चालकाबरोबर, आणि मग आज, स्वतःच्या हाताने. सकाळी ते निघाले तेव्हा शालनबाईंनी डबा दोनदा उघडून पाहिला.

आजच बुद्धप्रियाने मला कपाटातून काढलं. नवी डिस्क आणली आहे, माझ्यावरचे फोटो तिच्यावर घ्यायचे आहेत. मला जोडताना तिने श्वास रोखला होता. मीही. एकेक फोटो जात होता. बहिणीच्या लग्नातले चार फोटो मला देता आले नाहीत. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, टकटक करत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "राहू दे," आणि पुढे गेली. खेळाला तिने हातही लावला नाही.

दुपार कलली. फोन वाजत नव्हता. शालनबाई एकच ताट पुन्हा पुन्हा पुसत होत्या. बुद्धप्रिया पडद्याकडे बघत होती, पण काही वाचत नव्हती. फोटो संपले, तरी तिने मला बंद केलं नाही. तिला मी सोबतीला हवी होते की काय, कुणास ठाऊक.

मग फोन वाजला. दौंडला गाडी लावून, खाली उतरून ते बोलत होते.

"केम गेलं गं," हरिदास म्हणाले.

शालनबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. बुद्धप्रियाला विचारल्याशिवाय राहवलं नाही. "भीती वाटली का पप्पा?"

"वाटली की. लई वाटली. हॉर्न वाजवत गेलो."

माझं काम आता झालं. माझी सुई लंगडते, चकतीवर ओरखडा आहे आणि तो वाढतो आहे. बुद्धप्रिया मला फेकणार नाही, कपाटात ठेवील. एवढीच विनंती आहे. मी अजून आहे की गेले, हे बघायला कधीतरी सहज म्हणून मला जोडू नका. प्रत्येक वेळी फिरायला लागताना मला भीती वाटते. मी ती कुणाला कधी सांगितली नव्हती. तुम्हाला सांगितली.