एका घरात दोन वह्या

उत्तराचा कॉम्प्युटर सुरू व्हायला आठ मिनिटं लागायची. ती बटण दाबून स्वयंपाकघरात जायची, चहाचं आधण ठेवायची, दोन कप घेऊन बाहेर यायची, तेव्हा कुठे पडद्यावर चित्र उमटायचं. तिचे पती बाळाजी रोज म्हणायचे, "तुझ्या या डब्याला जाग येईपर्यंत माझी संध्या होते."

"होऊ द्या की. एरवी पाच मिनिटांत उरकता."

फाल्गुनात उत्तरा गेली. सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना खाली बसली, ती उठलीच नाही. त्या दिवसापासून बाळाजींनी त्या डब्याला हात लावला नव्हता. इंदिरानगरच्या त्या तीन खोल्यांत तो कोपऱ्यात तसाच होता. तिनं शिवलेली खोळसुद्धा त्यांनी काढली नव्हती.

बाळाजी रामकुंडावरचे तीर्थपुरोहित. निफाडकडच्या किती तरी घराण्यांची उपाध्येपणाची गादी त्यांच्याकडे. यजमान आला की त्याचं गाव आणि आडनाव विचारायचं, वही काढायची आणि त्याच्या पणजोबांचं नाव त्यालाच वाचून दाखवायचं. माणसं ऐकूनच गार होत. पण त्या वह्यांत नावं सगळी पुरुषांची. बाप, आजा, पणजा, खापरपणजा. बायका जवळजवळ नाहीतच. विधीत आजी-पणजीचं नाव लागलं आणि यजमानाला आठवलं नाही, तर बाळाजींचे वडील सरळ "गंगा" म्हणून पुढे जात. बाळाजीही तेच करत आले.

उत्तरानं हे एकदा घाटावर ऐकलं. घरी आल्यावर म्हणाली, "आज तुम्ही पाच जणींना गंगा केलंत."

"मग काय करू? नाव माहीत नसतं त्यांना."

"विचारलंत कधी?"

त्यांनी विचारलं नव्हतं. मग तीच विचारायला लागली. अकरा वर्षं. दुपारी फोन घेऊन बसायची. निफाड, लासलगाव, ओझर. घरातल्या म्हाताऱ्या बाईला बोलावून घ्यायची. "पुरुषमंडळींची नावं आहेत आमच्याकडे. तुमची सांगा. सासूचं, सासूच्या सासूचं, माहेर कुठलं, सगळं." पाठकोऱ्या कागदावर लिहायची, मग कॉम्प्युटरवर टाइप करायची आणि कागद फाडून टाकायची.

"कागद कशाला फाडतेस?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"तुमच्याच घरची रीत. एका घरात दोन वह्या नकोत."

रीत खरीच होती. वही जीर्ण झाली की तिची नक्कल करायची, नक्कल ताडून झाली की जुनी वही लाल फडक्यात बांधून गोदावरीत सोडायची. दोन ठेवल्या की भाऊ एकेक घेऊन वेगळे होतात आणि यजमान कोणाचा यावरून डोकी फुटतात. बाळाजींच्या आजोबांच्या पिढीत हे झालं होतं. तेव्हापासून घरात हा नियम कडक.

मंगळवारी सावळीरामचा निफाडहून फोन आला. द्राक्षबागायतदार, बाळाजींचा जुना यजमान.

"गुरुजी, आई गेली. सिंधुबाई."

"अरेरे. कधी?"

"परवा. शनिवारी अस्थी घेऊन येतो. नावं वहिनींनी लिहून घेतल्याली हायेत सगळी. आईनं मागल्या साली फोनवर दीड तास सांगितली होती. म्हाताऱ्या माणसांत तीच राहिली होती, बाकी कोणाला काय ठाऊक नाय."

बाळाजींनी खोळ काढली, बटण दाबलं. आठ मिनिटं झाली. पंधरा झाली. पडद्यावर चक्र फिरत राहिलं आणि डब्यातून जात्यासारखी घरघर येत राहिली. तासाभरानंही काही उघडलं नाही. त्यांनी चहा ठेवला नव्हता, तरी सवयीनं दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी रिक्षात डबा घालून ते महात्मा गांधी रोडवर संतोषच्या दुकानात गेले. संतोषनं बाजूचा पत्रा उघडून बघितला.

"काका, याच्यात आत एक थाळी फिरते आणि तिच्यावर सुई. बारा वर्षं फिरतेय बिचारी. दमली आता. नवी एसएसडी डिस्क टाकू. तिच्यात फिरणारं काहीच नसतं. पळत सुटेल."

"पण यातलं सगळं..."

"सगळं नव्यात येईल. काळजी करू नका."

गुरुवारी संध्याकाळी त्यानं डबा परत दिला आणि वर हातावर एक जड, चौकोनी, थंडगार वस्तू ठेवली. साधारण बांधलेल्या पोथीएवढी. "ही जुनी डिस्क. थोडे दिवस जपून ठेवा. टाकून देऊ नका."

"टाकून कोण देतंय?" बाळाजी म्हणाले.

नक्कल झाली होती. जुनी प्रत हातात होती. रामकुंड तिथून हाकेवर. बाळाजींनी रिक्षा थांबवायला सांगितली, पूजेच्या सामानाच्या गाठोड्यातलं लाल फडकं काढलं, डिस्क त्यात नीट बांधली. चार महिन्यांपूर्वी ज्या पायरीवरून त्यांनी उत्तराच्या अस्थी सोडल्या होत्या, त्याच पायरीवर उतरले. आपण काही तरी रीतसर पुरं करतोय असं त्यांना कितीतरी दिवसांनी वाटलं. हात जोडले आणि फडकं पाण्यात सोडलं. ते लगेच खाली गेलं.

घरी येऊन त्यांनी बटण दाबलं आणि गॅसकडे वळले. मागे सूर वाजला. वळून बघतात तो चित्र आलेलं. हातातलं भांडं अजून कोरडंच होतं. बाळाजी भांडं घेऊन तसेच उभे राहिले. आठ मिनिटांची पंधरा सेकंदं झाली होती. आनंद व्हायला हवा होता, पण त्यांनी कोरडं भांडं परत फळीवर ठेवलं.

मग ते खुर्चीत बसले. उत्तराचा पिवळा फोल्डर कुठे असतो ते त्यांना ठाऊक होतं. रोज तिच्या खांद्यावरून बघितलेलं. त्या जागी तो नव्हता. त्यांनी बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा चौदा-पंधरा सेकंदांत सगळं आलं. फोल्डर आला नाही. तिसऱ्यांदा केलं. मग संतोषला फोन लावला.

"हां काका, पळतोय ना?"

"पळतोय. नावं कुठायत?"

"कसली नावं? डी ड्राइव्हमधलं म्हणताय का? ते जुन्या डिस्कवरच आहे. नवी छोटी आहे ना, त्यात विंडोज, फोटो, प्रिंटर, तेवढं घेतलं. डीमध्ये कीर्तनांचे व्हिडिओ भरले होते ढीगभर. म्हणून तर म्हटलं, जुनी जपून ठेवा. केबल आली की ती पण आत जोडून देतो. काका? हॅलो?"

"सगळं नव्यात येईल म्हणाला होतास."

"हो, म्हणालो होतो. फोड करून सांगायला पाहिजे होतं, चुकलं माझं. पण डिस्क आहे ना तुमच्याकडे? टाकली नाही ना?"

"टाकली नाही," बाळाजी म्हणाले. "सोडली."

"कुठे?"

बाळाजींनी सांगितलं.

"काका, ऐका. पाण्यात गेली तरी डबा बंद असतो. मिळाली तर वाळवू नका, उघडू नका, तशीच आणा. मुंबईला माणसं आहेत, ती काढतात. आधी मिळाली पाहिजे."

शुक्रवारी उजाडता उजाडता बाळाजी पायरीवर होते. धोतर गुडघ्यावर खोचून पाण्यात उतरले, पायांनी चाचपलं. शेवाळ, नारळाची करवंटी, कुणाच्या तरी तसबिरीची चौकट. पलीकडच्या पायरीवर कुसाबाई बसली होती. दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात फेकायचा आणि भाविकांनी टाकलेली नाणी ओढून काढायची, हा तिचा रोजचा उद्योग. घाटावर सगळे तिला ओळखत.

"गुरुजी, काय हुडकता सकाळधरनं?"

"कुसाबाई, काल संध्याकाळी मी इथे एक लाल फडकं सोडलं. लोखंडाची डबी होती आत."

"मंग पाण्यात काय हुडकता?" ती हसली. "तुमची पाठ वळली अन् म्या दोरी टाकली. पहिल्याच फेकीत आलं. ह्ये घ्या फडकं, धुऊन ठिवलंय."

बाळाजींना रडूच आलं. त्यांनी फडकं दोन्ही हातांनी घेतलं. "बाई, तुझे उपकार. कुठाय डबी?"

"फोडली की."

"काय केलीस?"

"फोडली. भंगारवाला म्हनला व्हता मागं, असल्या डबीत लय जोराचा चुंबक ऱ्हातो. रातभर दगडानं ठोकली तवा उघडली. ह्यो पाहा." तिनं दोरी वर ओढली. टोकाला नखाएवढ्या जाडीचा, चंद्रकोरीसारखा तुकडा होता आणि त्याला सात-आठ नाणी चिकटलेली. "जुना माझा एक बी आणत नव्हता आताशा. ह्यो सोडतच नाय." मग त्यांचा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "गुरुजी, तुमी सोडली ना ती? सोडल्यालं ज्याला गावंल त्याचं."

तिचं खरं होतं. हा नियमही घाटावरचाच होता.

"आत एक थाळी होती," बाळाजी कसेबसे म्हणाले.

कुसाबाईनं मानेनं दाखवलं. तिच्यामागे, भिंतीच्या दगडाला टेकवून, एक गोल चकती उभी होती. आरशासारखी लखलखीत, मध्ये भोक. अंघोळ करून आलेली एक बाई ओल्या लुगड्यानं तिच्यापुढे वाकली होती. तिनं बोटावर कुंकू घेतलं, चकतीत बघून कपाळाच्या मधोमध लावलं, आणि बाजूला झाली. तिच्यामागची दुसरी पुढे आली.

बाळाजी उभे राहिले. दुसरीचं झालं, तिसरीचं झालं. मग कुसाबाईनंच चकती उचलून, पदराला पुसून, त्यांच्या हातात दिली.

दुकानात संतोषनं ती दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली. कडेला वाकलेली होती आणि दगडाचे ओरखडे मधोमध आडवे गेले होते. तो स्टुलावर बसला.

"पाण्यानं गेली का?" बाळाजींनी विचारलं.

संतोषनं चकती टेबलावर ठेवली. पण बाळाजी दारात उभेच राहिले, तेव्हा तो म्हणाला, "पाण्यानं नाही, काका. पाण्यातून निघाली असती. हे आता नुसतं ॲल्युमिनियम आहे."

अकरा वर्षं. बाळाजींना बसायला सांगितलं तेही कळलं नाही. डिस्कनं पाणी सोसलं होतं. आपण सोडली नसती तर ती घरातच असती, टेबलावर. उत्तरानं कागद फाडले ते आपल्या रीतीपायी आणि आपण डिस्क सोडली तीही रीतीपायीच. आपल्या घरानं तिला दोनदा पुसलं.

शनिवारी सकाळी सावळीराम आला. सोबत बायको आणि नवी सून निकिता. मडकं मांडीवर घेऊन तो पाटावर बसला. बाळाजींनी त्याच्या बोटात दर्भाची पवित्री घातली, संकल्प सोडला. विधी रोजचाच, तोंड आपोआप चाललं होतं. मग पिंडांची नावं आली.

"आईचं नाव?"

"सिंधुबाई."

"तिच्या सासूचं?"

"झुंबरबाई."

"आणि तिच्या सासूचं?"

"ते वहिनींनी लिहून घेतलंय ना," सावळीराम म्हणाला. "आईनं सांगितलंय."

एक शब्द होता. तोंडात तयार होता. वडिलांनी तो हजारदा उच्चारला होता आणि त्यांनी स्वतः हजारदा. सावळीरामला कळलंही नसतं. त्याला वाटलं असतं, गंगाबाई होती आपली पणजी. त्यानं ते घरी जाऊन सांगितलं असतं, सुनेला, उद्याच्या नातवाला.

बाळाजींनी पाण्याची पळी खाली ठेवली.

"सावळीराम, नाव होतं. तिनं लिहून ठेवलं होतं. माझ्या हातून गेलं."

"म्हंजे?"

त्यांनी सगळं सांगितलं. डिस्क, फडकं, कुसाबाई. सांगताना एकदाही मान वर केली नाही. सावळीराम आधी समजल्यासारखा मान हलवत राहिला, मग हलवायचा थांबला.

"गुरुजी, पण आई तर ह्या मडक्यात हाय," तो म्हणाला. "आता विचारू कोणाला?"

शेजारच्या पाटावर दुसरे गुरुजी घाईघाईनं नावं पुकारत होते. निकिता सासूला हळूच म्हणाली, "आजी कधी काही बोलल्या नाहीत का हो?" सासूनं मान हलवली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं.

"मंग आता कसं करायचं?" सावळीरामनं विचारलं. आवाजात राग होता, आणि तो असायलाच हवा होता.

"अशा वेळी एक नाव घालून पुढे जायची आमची पद्धत आहे," बाळाजी म्हणाले. "ते मी घालणार नाही. नावाच्या जागी आपण थांबू. मीही थांबतो."

त्यांनी मंत्र म्हटला आणि नावाच्या जागी गप्प झाले. सावळीराम पिंड हातात धरून बसला. ती शांतता फार लांबली असं नाही, पण शेजारचे गुरुजी वळून बघायला लागले. यांना पुढचं आठवत नाही असंच त्यांना वाटलं असावं. मग सावळीरामनं पिंड खाली ठेवला आणि बाळाजींनी वर पाणी सोडलं.

अस्थी सोडून झाल्यावर बाळाजींनी वही उघडली. सावळीरामच्या घराण्याचं पान काढलं. खाली जागा होती. त्यांनी लिहिलं, सिंधुबाई. त्यावर झुंबरबाई. तिच्या वरची ओळ मोकळी सोडली. मग पेन तसंच धरून त्यांनी सावळीरामच्या बायकोकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिच्याशी ते "बसा" आणि "उठा" याखेरीज काही बोलले नव्हते.

"तुमचं नाव काय, बाई?"

ती गोंधळली. आधी तिनं नवऱ्याकडे बघितलं.

"कलाबाई," ती म्हणाली.

"आणि तुमच्या आईचं?"