कडी लागली की रिक्षा

मित्रांनो, आज माझ्या अंगाला डांबरगोळ्यांचा वास येतो. माझ्या आतली चाळीस भोकांची फळी काढून तिथे दोन स्वेटर आणि एक मफलर कोंबलेला आहे. दुसऱ्या एखाद्या पेटीला याचे काही वाटले नसते. मी मात्र होमिओपॅथीच्या औषधांची पेटी आहे. कसलाही वास नसणे हा माझा पहिला गुण होता.

माझा जन्म १९६४ सालचा, नागपुरातला. धोंडबा सुताराने मला सागवानात घडवले, कोपरे खाचा पाडून जुळवले आणि समोर पितळेची कडी बसवली. मग तो पॉलिशचा डबा घेऊन बसला, तेव्हा मला बनवून घेणाऱ्या यमुताईंनी त्याला थांबवले. पॉलिशचा वास औषधांना चालत नाही, असे त्यांनी समजावले. धोंडबा नाराज झाला. "पॉलिश नाही मारलं तर लोक मलेच हसतील ना बाई," तो म्हणाला. यमुताईंनी त्याला चहा पाजला आणि मला तशीच कोरी घरी नेली. महिनाभर उन्हात ठेवल्यावर माझा लाकडाचा वास गेला. मग सीताबर्डीहून काचेच्या चाळीस बाटल्या आल्या. प्रत्येकीत मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या, पांढऱ्या, गोड गोळ्या होत्या.

यमुताई प्रसूतिगृहात शिकून तयार झालेल्या दाई होत्या. होमिओपॅथी त्या नंतर शिकल्या. गोळीबार चौकाच्या बाजूला, विणकरांच्या वस्तीत, त्यांना रोज कुठून ना कुठून बोलावणे येई. बाळंतपणाच्या घरात शिरल्या की त्या आधी हात धूत, मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत नाडी मोजत आणि त्यानंतरच माझे झाकण उघडत. कळा मंदावल्या तर एक बाटली, बाळंतीण घाबरीघुबरी झाली तर दुसरी, आणि बाळ झाल्यावर ठणकणाऱ्या अंगासाठी अर्निका. कितीतरी बायका त्या गोळ्या जिभेवर ठेवून शांत झालेल्या मी पाहिल्या. गुण गोळीचा होता, की कपाळावर ठेवलेल्या त्या हाताचा, हे माझ्यासारख्या लाकडाला सांगता येणार नाही. यमुताईंना कोणी विचारले तर त्या म्हणत, बाळंतीण हसली ना, मग पुरे.

त्यांचा एक नियम मात्र वस्तीत पोरासोरांनाही पाठ होता. काम चालू असताना यमुताईंनी पेटीचे झाकण पाडून कडी लावली, की का म्हणून विचारायचे नाही. रिक्षा आणायची आणि बाळंतिणीला मोठ्या दवाखान्यात न्यायचे.

माझे कौतुक फार झाले. इतके, की एकदा ते माझ्या जिवावर बेतले. जिजाबाई नावाच्या विणकरीण आजींच्या थोरल्या सुनेला मुलगा झाला. बारशाच्या दिवशी यमुताई बाळाला पाहायला आत गेल्या होत्या, तेवढ्यात जिजाबाईंनी मला पाटावर बसवले, हळदकुंकू वाहिले आणि कापूर पेटवून ओवाळले. कापूर! आमच्या शिस्तीत त्याच्यासारखा वैरी नाही. यमुताई बाहेर आल्या, वास आला, तरी त्यांनी हसून बारशाच्या घुगऱ्या घेतल्या. घरी गेल्यावर मात्र त्यांनी चाळीसच्या चाळीस बाटल्या रिकाम्या केल्या, उकळल्या आणि पुन्हा भरल्या. मला आणखी महिनाभर उन्हाची शिक्षा झाली. जिजाबाईंना कळल्यावर त्या म्हणाल्या, "देवाले चालते अन् हिले चालत नाही? मोठी नखऱ्याची आहे वं तुझी पेटी."

याच जिजाबाईंच्या घरी, १९७२ च्या मे महिन्यात, धाकटी सून जयवंता बाळंत झाली. भर दुपारची वेळ होती. पुढच्या खोलीतला माग थांबला होता. तिचा नवरा रुपराव हातात मागाचा धोटा घेऊन दाराशी उभा होता. मुलगी झाली, चांगली रडली, वारही पडली. घरात हसू पसरले. पण रक्त थांबेना.

यमुताईंचा एक हात जयवंताच्या पोटावर होता. दुसऱ्या हाताने त्यांनी नाडी पाहिली, घड्याळ पाहिले आणि तोच हात माझ्याकडे आला. मला वाटले, आता बाटली निघेल. त्यांनी झाकण पाडले. कडी लागली, खट्.

जिजाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "पेटी काहून लावून राहिली वं बाई? माझ्या थोरल्या सुनेले हिनंच उठवलं. आणखी एक पुडी दे ना तिले."

यमुताईंनी आवाज चढवला नाही. "या पेटीत गोळ्या आहेत, जिजाबाई. रक्त नाही. तिला आता रक्त पाहिजे."

रुपरावने आईकडे पाहिले, मग माझ्या कडीकडे. धोटा खाली ठेवून तो आईच्या बाजूने वाट काढत बाहेर धावला. रिक्षा आली तरी जिजाबाई दारातच होत्या. तेव्हा यमुताईंनी शेजारणीकडून बाळ घेऊन त्यांच्या एका हातात दिले आणि दुसऱ्या हातात मला. "ही तुमची नात, आणि ही पेटी. मी येईपर्यंत दोघींना सांभाळा. कडी उघडायची नाही." दोन्ही हात भरल्यावर जिजाबाई बाजूला सरल्या. जयवंताचे पोट मुठीने दाबून धरूनच यमुताई रिक्षात बसल्या.

मित्रांनो, मी दवाखाना पाहिला नाही. मी पाहिले ते जिजाबाईंना. बाळ मांडीवर, मी शेजारी. त्यांची बोटे तीन वेळा माझ्या कडीवर आली. तिन्ही वेळा त्यांनी ती मागे घेतली आणि बाळाच्या पायांवरून फिरवली.

उन्हे कलली तेव्हा रुपराव आला. त्याच्या दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला होता. "माझंच रक्त जुळलं, माय," तो म्हणाला. "जित्ती आहे ते."

आठवड्याने जयवंता घरी आली. त्या दिवशी यमुताईंनी कडी काढली आणि ठणकणाऱ्या अंगासाठी तिला अर्निका दिली. जिजाबाईंनी या वेळी कापूर आणला नाही. बोटावर कुंकू घेतले, झाकणाला लावता लावता थांबल्या आणि खाली माझ्या कडीला लावले.

पुढे यमुताईंची नजर मंदावली. बुचे सुकली, बाटल्या फुटल्या आणि मी कपाटावर गेले. डांबरगोळ्या कोणी ठेवल्या, मला माहीत नाही. मागच्या आठवड्यात एक चौदा वर्षांची मुलगी यमुताईंना भेटायला आली होती. तिचे नाव प्रेमलता, जयवंताची तीच लेक. तिने मला खाली काढले, कडीच्या खाचेतला लाल डाग नखाने खरवडून पाहिला आणि हे काय म्हणून विचारले. यमुताईंनी सगळे सांगितले. ऐकून झाल्यावर तिने तो डाग पुसला नाही. उद्या येऊन स्वेटर काढते आणि पेटी उन्हात ठेवते, असे म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही घरात औषधांची एखादी पेटी असेल. तिला स्वच्छ ठेवा, कोरडी ठेवा, तिच्यावर माया करा. पण तिचे झाकण केव्हा पाडायचे, हे जाणणारे माणूस घरात असू द्या. माझ्या चाळीस बाटल्यांतले काहीच आता उरलेले नाही. कडी मात्र अजून घट्ट लागते.