राजाच्या कानाखालचा विंचू

नियम लिहिणाऱ्यांनो, तुम्ही समोरच्याचं ऐकून न घेता निकाल देता. नाणी तपासणाऱ्या तुमच्या संस्थेचा दरारा मोठा. नाणं भिंगाखाली धरायचं, दर्जाचा आकडा ठरवायचा, प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून टाकायचं, की त्या आकड्यावर सगळा बाजार माना डोलावतो. पण नाण्यावर घाव कुणी घातला आणि कशासाठी घातला, हे विचारायची तुमच्यात पद्धतच नाही. मावशीच्या नाण्याचं असंच केलंत.

मावशी ठसे कोरायची. पोलादाच्या बोटभर सळईच्या टोकाला उलटं अक्षर, आकडा, नाहीतर एखादं चिन्ह कोरायचं, त्याला पाणी देऊन कडक करायचं, की झाला ठसा. सोनार, भांडीवाले, कातडी पट्टे शिवणारे, सगळे तिच्याकडून ठसे न्यायचे. मावशी ती सगळ्या गल्लीची होती, पण सख्खी भाची एकच. बहिणीची ही मुलगी कॉलेज संपल्यावर सहज म्हणून मावशीच्या शेजारच्या बाकावर येऊन बसली, ती पुन्हा उठलीच नाही.

दुकानाची एक रीत होती. शिकणाऱ्याने शिकून झालं की स्वतःच्या खुणेचा ठसा कोरायचा आणि दुकानातल्या जुन्या चांदीच्या नाण्यावर मारायचा. घाव एकच. नीट उमटला तर कारागीर, नाहीतर पुन्हा कानस हातात. त्यामुळे नाण्यावरच्या राजाच्या तोंडावर मासा होता, चंद्रकोर होती, पान होतं, कात्री होती. मावशीचा विंचू बरोबर कानाखाली. "अशी कानाखाली वाजवलीय म्हणून सांगू!" असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. गालावर थोडी जागा उरली होती, आणि भाचीचा ठसा तयार होता. शेपूट उभारलेली खार.

नेमका तेव्हाच मावशीचा थोरला भाऊ, दादा, दुकानात येऊन धडकला. दादा विमा कंपनीत होता. तरुणपणी हेच काम अर्धवट शिकून, कंटाळून सोडून गेलेला. नाण्यावर त्याची खूण नव्हती.

"खबरदार हातोड्याला हात लावलात तर! या सालची नाणी मोजकीच उरलीत. मी सगळं वाचून आलोय. हे तपासायला पाठवायचं. आता त्यावर ओरखडासुद्धा नको."

"मामा, त्याच्यावर आधीच अख्खं प्राणिसंग्रहालय आहे," भाची म्हणाली.

"म्हणूनच आणखी एक जनावर नको."

"आणि एकदा ते डबीत गेलं की हिने घाव कुठे घालायचा?" मावशीने विचारलं. "तुझ्या टकलावर?"

"दुसरं नाणं आण की! बाजारात काय दुष्काळ पडलाय?"

भाचीचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या नाण्यावर मासा नव्हता, विंचू नव्हता. त्यावर घाव घालून ती कुणाच्या पंगतीला बसणार नव्हती; एक नाणं तेवढं खराब होणार होतं.

मावशी तोंडाची फटकळ, पण न्यायाची पक्की. नाणं वडिलांकडून आलेलं, म्हणजे त्यात दादाचाही वाटा होता. ती म्हणाली, "चल, विचारून येऊ. पाठवण्याजोगं आहे म्हणाले तर तुझं खरं. नाही म्हणाले तर ही आजच घाव घालणार, आणि तू समोर उभा राहून बघणार."

"कबूल!"

गावातल्या एका सभागृहात नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. संस्थेचा परीक्षक तिथे दोन दिवस बसणार होता आणि नाणं पाठवावं की नको, एवढं फुकट सांगणार होता. मावशीच्या दुकानातून कुठलीच वस्तू मळकी बाहेर जात नसे. तिने पॉलिशचा डबा काढला, मऊ फडकं घेतलं आणि राजाला असा घासला, की तो न्हाव्याच्या खुर्चीतून नुकताच उठल्यासारखा दिसायला लागला.

परीक्षक शांत, बारीक अंगाचा माणूस. नाणं बघताच त्याने डोळेच मिटले.

"हे कुणी घासलं?"

"मी!" मावशी ऐटीत म्हणाली.

"बाई, जुन्या चांदीवर चढलेला रंग म्हणजे नाण्याची कातडी. ती सोलून काढलीत तुम्ही."

"घासलंस?" दादा किंचाळला. "अगं, घासलंस?"

"मग घाणेरडं घेऊन येऊ लोकांपुढे?" मावशी म्हणाली खरी, पण तिचे कान तापले. मग सरळच बोलली, "चुकलं माझं. आता पुढचं बघा."

त्याने मन लावून बघितलं. नाणं अस्सल होतं, सालही दादा म्हणत होता तेच. "पण पाठवू नका," तो म्हणाला. "आकडा मिळायचा नाही. घासलेलं आणि इजा झालेलं, एवढंच लिहून येईल. तपासणीचा खर्चही निघणार नाही."

दादाचा फुगा फुटला. भाची तर उठलीसुद्धा. मावशी मात्र खुर्चीला चिकटून राहिली.

"इजा कसली?"

"हे ठसे."

"त्या काचेच्या कपाटातल्या नाण्यावरही ठसे आहेत. त्याला बरा आकडा दिलात!"

"ते पेढीवाल्यांचे. नाणं पारखून घेतल्याची खूण. आम्हाला माहीत असलेली खूण आम्ही नोंदवतो. माहीत नसलेली खूण म्हणजे इजा. नियम आहे तसा."

मावशीने मासा कुणाचा, कात्री कुणाची, सगळं घडाघडा सांगितलं. त्याने मध्ये न बोलता ऐकलं. "पटतं मला," तो म्हणाला, "पण नियम माझा नाही."

दुकानात येताच भाचीने नाणं ऐरणीवर ठेवलं. ठसा टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. दादा शब्दाला जागून समोर उभा होता. ती हातोडा उचलणार, तोच त्याच्या तोंडून निघून गेलं, "मनगट सैल सोड गं. जोर खांद्यातून येऊ दे."

मावशीने चमकून त्याच्याकडे बघितलं.

एकच घाव. भाचीने ठसा उचलला. खार उमटली होती, शेपटीच्या केसांसकट.

"घ्या!" दादा म्हणाला. "जनावर वाढलं," आणि खिशात रुमाल शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी मावशी भाचीला घेऊन पुन्हा परीक्षकापुढे हजर. तिने नाणं ठेवलं, शेजारी खारीचा ठसा ठेवला.

"बाई, पाठवू नका म्हणालो ना मी?"

"पाठवायचंय कुणाला? तुमची डबी तुम्हालाच लखलाभ. काल ही जागा मोकळी होती, तुम्ही स्वतः बघितलीत. आज इथे खार आहे. मारणारी ही उभी आहे, ठसा हा समोर ठेवलाय, लावून बघा. आमचे म्हातारे तुम्हाला माहीत नाहीत, राहू द्या. ही तर माहीत झाली?"

त्याने ठसा उचलून भिंगाखाली धरला. मग खार बघितली. मग भाचीकडे बघितलं.

मावशीने खुर्ची पुढे ओढली. "तुम्हाला सांगता येत नसेल तर ज्यांनी नियम लिहिला त्यांना फोन लावा. मला घाई नाही, मी बसते. पण उत्तर घेतल्याशिवाय हलायची नाही. सांगा, ही खूण आहे की इजा?"