धुरात पिकलेला बुधला

नाकाला रुमाल लावू नका हो, मी बोलतोय! मी बोर्तखा, म्हणजे काल्मिक लोकांचा चामडी बुधला. जन्म कास्पियन समुद्राजवळच्या गवताळ माळावरचा.

मला घडवलं माझ्या मालकिणीच्या, बुल्गुनच्या बाबांनी. कातडं भिजवलं, केस खरवडले, आतड्याच्या तातीने शिवलं आणि आकार यावा म्हणून पोटात ओली वाळू ठासली. वाळल्यावर वाळू काढून आठवडाभर धुरी दिली. धुरीशिवाय आमच्यात दूध टिकत नाही. काय दिवस होते ते! आंबवलेलं दूध पोटात घेऊन मी घोड्यावरून हिंडायचो.

पुढे बाबा वारले. बुल्गुन मुलामागोमाग जर्मनीत आली. बॉबलिंगेनच्या फ्लॅटमध्ये मला खुंटीला टांगून रोज सकाळी नाकाशी धरायची. "बाबा," एवढंच म्हणायची.

यंदा तिचं खुब्याचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे ती रेहामध्ये, म्हणजे चालायचा सराव करून घेणाऱ्या केंद्रात, आणि घराची किल्ली शेजारच्या तनयाकडे. पोरगी गुणाची, पण स्वच्छतेचं भारी वेड! आजी येणार म्हणून तिने घर लख्ख केलं आणि मलाही गरम पाण्यात साबणाने खसाखसा घासलं. मी पार लोळागोळा झालो.

तिच्या नवऱ्याने, हृषिकेशने, कपाळावर हात मारला. "अगं, चामडं आहे ते, कढई नव्हे!"

बुल्गुन परतली. तिने मला हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग म्हणाली, "आल्झो, म्हणजे बाबा आज गेले."

तनया ढसाढसा रडली. "आजी, मला शिकवा ना. मी करते नीट."

बुल्गुनच्या हातांत आता जोर नव्हता, पण बाबांची पद्धत तोंडपाठ होती. फ्लॅटमागच्या छोट्या बागेत शाळाच भरली. "ठास वाळू, अजून ठास. गेनाऊ, अगदी अस्संच!" उसवलेली शिवण तनयाने घातली, कातड्याला चरबी चोळली. आठ दिवस ऑफिस सुटलं की बया डोळे चोळत धुरी धरायची.

शेवटी बुल्गुनने मला हुंगलं आणि मान हलवली. "बाबांचा वास नाही हा."

माझा धीरच सुटला. तनया तिचे डोळे पुसायला पुढे झाली. हाताला धूर, चरबी, कातडं, सगळ्याचा वास. बुल्गुनने तो हात घट्ट धरून नाकाशी नेला.

"हा बाबांचा हात," ती म्हणाली, आणि सोडेचना.

खरं सांगू? माझा जरा जळफळाटच झाला. इतकी वर्षं जपलं मी, आणि कौतुक हाताचं! पण मी म्हातारा आता किती पुरणार? एवढी विनंती ऐका: कुणीतरी तनयाला नवं कातडं आणून द्या.