न झोंबलेला लेप

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी चौदा वर्षं स्वयंपाक करते, पण तिथे मला कोणी स्वयंपाकवाली म्हणत नाही. लेपवाली म्हणतात. तीनशे माणसांचं जेवण रोज वेळेवर काढते त्याचं कोणाला काही नाही, आणि अंड्याच्या पांढऱ्यात लिंबू पिळून भांडी घासणाऱ्या मावशींच्या गालाला एकदा फासलं, तर आठवड्याभरात माझं नाव पार पॅकिंग खात्यापर्यंत पोचलं. कोणाचे केस गळतात, कोणाच्या टाचा फुटतात, कोणाच्या लेकीच्या तोंडावर पुटकुळ्या. जेवणाची सुट्टी झाली की माझ्या खिडकीशी दोन रांगा लागायच्या, एक ताटं पुढे करणाऱ्यांची आणि एक तोंडं पुढे करणाऱ्यांची. मला आवडायचं ते. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

घरात मी आणि माझी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा मी एकवीसची आणि ती नऊची. त्यामुळे तिची आई म्हणा, बाप म्हणा, सगळं मीच. लग्न दोघींचंही झालं नाही. माझं जमलं नाही आणि तिचं मी जमू दिलं नाही, असं ती चिडली की म्हणायची. मी "बरं झालं, सुटलीस" म्हणून विषय उडवून लावायची. ती पार्लरमध्ये केस कापायची. हात असा की मालकीणबाई स्वतःचे केससुद्धा दुसऱ्या कोणाला कापू द्यायच्या नाहीत. मला घरी कात्री धरून दाखवायची. अंगठा एका कडीत, करंगळीशेजारचं बोट दुसऱ्या कडीत आणि करंगळी कडीच्या टोकावर टेकलेली. "बाकीचं कोणालाही शिकवता येतं ताई," म्हणायची, "ही दोन बोटं मात्र ज्याची त्याची." मोठी मिजास होती तिला त्या बोटांची, आणि ती शोभायचीही.

रविवारी आमच्या स्वयंपाकघरात कोण जेवतंय आणि कोण अंगाला फासतंय हे कळायचं नाही. दही केसांना, काकडी डोळ्यांवर, मध ओठांना, आणि उरलेल्या कॉफीचा चोथा साखरेत कालवून हातापायांना. धाकटी नाक मुरडायची, "ताई, मला आज अंडं खायचंय, लावून घ्यायचं नाहीये," आणि तरी निमूट बसायची.

गेल्या वर्षी तिच्या उजव्या कोपराखाली एक फिकट डाग उठला. बाटलीच्या झाकणाएवढा. खाज नाही, आग नाही, नुसता फिकट आणि कोरडा.

"ताई, डॉक्टरला दाखवू का?" तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"एवढ्याशा डागाला डॉक्टर? घरात अख्खं स्वयंपाकघर पडलंय," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर मला राग आला होता. सगळा कारखाना माझ्याकडे येतो आणि माझ्याच घरातली पोरगी डॉक्टरकडे निघाली, हे बाहेर कळलं असतं तर माझी शोभा झाली असती. तिने आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी हातातलं ताट ओट्यावर आपटलं. मग तिने विचारणं सोडलं.

बटाट्याचा रस लावून झाला, मध-लिंबू झालं, दही झालं. डाग ढिम्म. उलट बशीएवढा झाला. मग मी लसूण काढला. दहा-बारा पाकळ्या ठेचून व्हिनेगरमध्ये कालवल्या. आधी माझ्याच हातावर लावून बघितलं, कारण दुसऱ्यावर प्रयोग करायचा माझा स्वभाव नाही. दोन मिनिटांत मी नळाखाली धावले. मावशींच्या मानेवर एक चामखीळ होती, तिथे लावलं तर त्यांनी कॅन्टीन डोक्यावर घेतलं. म्हणून धाकटीला लावताना मी घड्याळ समोर ठेवलं होतं आणि पाण्याचं भांडं शेजारी.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. ती डाव्या हाताने मटार सोलत होती आणि पार्लरमधल्या एका गिऱ्हाइकाची नक्कल करत होती.

"झोंबत नाही का गं?"

"नाही बाई. तुझ्या लसणात दम नाही."

चाळीस मिनिटं ठेवला मी तो लेप. चाळीस! आणि मनात काय आलं माझ्या? मानवला. हिच्या कातडीला माझा लेप मानवला. दुसऱ्या दिवशी तिथे टरारून फोड आले तेव्हा मी म्हटलं, घाण बाहेर पडतेय, चांगलंच आहे. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगत सुटले, की नाजूक माणसांचं हे काम नाही, बघा माझी बहीण कशी सोसते. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मी तो लेप लावत गेले आणि ती दर वेळी तशीच हसत गप्पा मारत बसली.

मग बोटांचं सुरू झालं. तिच्या दोन बोटांना मुंग्या यायच्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. केस सरळ करायच्या गरम चिमट्याने करंगळी भाजली आणि तिला ते वास आल्यावर कळलं. मी तिलाच झापलं, "लक्ष कुठे असतं तुझं?" कात्री हातातून सुटायला लागली. एका बाईच्या कानाला लागली तेव्हा मालकीणबाईंनी तिच्याकडून कात्री काढून घेतली आणि तिला केस धुवायच्या बेसिनवर उभं केलं. घरी येऊन ती रडली. मी कोमट पाण्यात मीठ घालून तिचा हात बुडवून ठेवला, वर मध चोळला, आणि म्हटलं, आखडलीत बोटं, येतील ताळ्यावर. ती दोन बोटं तोवर आत वळली होती आणि सरळ करायला सांगितलं की दुसऱ्या हाताने सरळ करावी लागत होती.

हे किती दिवस चाललं असतं कोण जाणे. एका सकाळी बेसिनवर एक म्हाताऱ्या बाई केस धुवायला बसल्या होत्या. पाणी डोक्यावर पडताच त्या किंचाळल्या. पाणी भलतंच कढत होतं, आणि धाकटीचा उजवा हात त्याच पाण्याखाली लालबुंद होऊन शांत होता. त्या बाई पूर्वी नर्स होत्या. ओले केस तसेच गळत असताना त्यांनी तिचा हात धरला, कोपराच्या आतली नस चाचपली, डाग बघितला आणि म्हणाल्या, "पोरी, उद्याच्या उद्या त्वचेच्या दवाखान्यात जा. कोणाचं ऐकू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून तिच्याबरोबर गेले. बाकावर दोन तास बसलो. मला तहान लागली म्हणून मी मधेच पाण्याची बाटली आणायला बाहेर जाऊन आले. मग आमचा नंबर लागला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या कॅन्टीनमध्ये असत्या तर मी त्यांना शिकाऊ समजले असते. त्यांनी कापसाची बारीक वात केली.

"डोळे मिटा. मी कापूस टेकवीन. जिथे लागेल तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवून दाखवा."

गालावर टेकवला, धाकटीने लगेच दाखवलं. डाव्या हातावर टेकवला, दाखवलं. मग उजव्या हाताच्या डागावर टेकवला. एकदा, दोनदा, पाचदा. मग मनगटाच्या कडेला, मग करंगळीला. धाकटी शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसून होती, डोळे घट्ट मिटलेले, डावं बोट वर धरलेलं.

"थांबलात का डॉक्टर?" ती म्हणाली. "मी तयार आहे."

ती चाळीस मिनिटं डोळ्यांपुढे आली, ते मटार, ते घड्याळ, ते पाण्याचं भांडं. तिने काहीच सोसलं नव्हतं. तिला कळतच नव्हतं. आणि मी शेखी मिरवत होते. मला माझीच किळस आली.

"हा कुष्ठरोग आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अगदी सर्दी आहे म्हणावं तसं म्हणाल्या. "घाबरू नका. गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून दुसऱ्याला व्हायची भीती राहत नाही. डागही जाईल. प्रश्न बोटांचा आहे. कोपरातली नस सुजून दुखावली आहे. बोटांतली ताकद कधीपासून कमी झाली?"

"दोन महिने," धाकटी म्हणाली. "जेमतेम."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा खुलला. "मग छान. सूज उतरवायच्या वेगळ्या गोळ्या असतात, सहा महिने घ्याव्या लागतील. एवढ्या लवकर आलेल्यांची बोटं बरेचदा परत येतात."

मी धाकटीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, माझ्यासाठी खोटं बोलतेय. माझी अब्रू झाकतेय, पोर. माझा ऊर भरून आला. आयुष्यात कधी मी चुकले असं म्हटलं नव्हतं, पण त्या क्षणी मला ते म्हणावंसंच वाटलं, आणि म्हटल्यावर छातीवरचं ओझं उतरेल असंही वाटलं.

"खोटं बोलतेय ती," मी म्हटलं. "अकरा महिने झाले. मीच तिला येऊ दिलं नाही. घरी लेप लावत बसले."

"ताई, गप्प बस," धाकटी म्हणाली.

मी गप्प बसेन तर मी कसली! मोबाइल काढला. प्रत्येक लेपाचे फोटो होते त्यात, मावशींना दाखवायला काढलेले, खाली तारखेसकट. अकरा महिन्यांपूर्वीचा उघडून मी डॉक्टरीणबाईंच्या पुढे धरला. लसणाने माखलेला हात, आणि मटारांच्या टरफलांवर टेकलेली ती दोन बोटं, तेव्हाच जराशी वळलेली.

त्यांनी तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. लिहायला घेतलेला कागद बाजूला सारला आणि दुसरा घेतला.

"मग त्या गोळ्यांचा उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "एवढ्या जुन्या झालेल्या नसेवर त्या काम करत नाहीत, नुसता त्रास देतात. आजाराच्या गोळ्या देते, त्या मात्र न चुकता घ्या. बोटं आहेत तशी राहतील असं धरून चाला. पुढेमागे ऑपरेशनचा विचार करता येईल, पण कात्री धरण्याइतकी नाजूक हालचाल... मी आशा लावणार नाही."

मग त्यांनी हाताची काळजी कशी घ्यायची ते समजावलं. रोज वीस मिनिटं साध्या पाण्यात हात बुडवायचा, पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासायचं, आणि कातडी ओली असतानाच घरातलं साधं खायचं तेल लावायचं, नाहीतर ती कोरडी पडून चिरते आणि जखम झालेली कळतही नाही. कुठलं तेल, मी विचारलं. सवयीने विचारून गेले. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि "कुठलंही," म्हणाल्या.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर धाकटी फुटपाथवर थांबली.

"कोणी सांगितलं होतं तुला बोलायला?"

"अगं, माझ्यासाठी तू खोटं बोललीस, ते मला कसं बघवेल?"

"तुझ्यासाठी?" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की समोरचा फळवाला वळून बघायला लागला. "तुझ्यासाठी कशाला बोलेन मी खोटं? तू पाणी आणायला गेलीस तेव्हा मी भिंतीवरचा तक्ता वाचला. ताकद कमी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत आलात तर बोटं वाचू शकतात, असं लिहिलंय त्यावर. चार वेळा वाचला मी तो. मला त्या गोळ्या हव्या होत्या."

"पण उपयोगच नाही म्हणाल्या ना त्या."

"नसू दे नसला तर! सहा महिने रोज सकाळी उठून मी बोट हललं का ते बघितलं असतं. तेवढं तरी होतं ना माझ्याजवळ?" "अकरा महिने मी तुझं ऐकलं ताई. आज एक दिवस तुला गप्प बसता आलं नाही."

मी तिचा हात धरायला गेले. तो उजवा होता. मी धरला हे तिला बघितल्यावर कळलं, आणि तिने तो काढून घेतला.

घरी आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ती तडक स्वयंपाकघरात गेली. तिने बादलीत पाणी घेतलं, डावा हात घालून बघितलं, उजवा बुडवून वीस मिनिटं भिंतीकडे बघत बसली. मग तेलाची बाटली खाली घेतली. झाकण घट्ट होतं. उजव्या हातात बाटली ठरेना, म्हणून तिने ती गुडघ्यांत धरली आणि डाव्या हाताने पिळायला लागली. बाटली सरकली, पुन्हा धरली. मी उठले.

"बस खाली."

"अगं, नुसतं झाकण..."

"बस म्हटलं ना."

मी बसले. झाकण कसंबसं निघालं, थोडं तेल फरशीवर सांडलं. तिने बाटलीतलं थोडं डाव्या तळव्यावर घेतलं आणि उजव्या हाताला चोळायला लागली, एकेक बोट, मग तळवा, मग मनगट, मग डाग. कुठे लागलं आणि कुठे राहिलं हे तिला डोळ्यांनीच बघावं लागत होतं. चोळून झाल्यावर तिने हात उजेडात धरून इकडून तिकडून तपासला आणि बाटलीला झाकण लावलं.

कोपराच्या मागची बाजू तशीच कोरडी राहिली होती, जिथे तिची नजर पोचत नव्हती. मला ती स्वच्छ दिसत होती. शब्द तोंडापर्यंत आले होते. मी गप्प बसले.