गळका फोर्क

दादाची मिनी बाइक मी मागच्या खोलीतून बाहेर काढली, तेव्हा आई पाठ फिरवून शिलाई मशीनवर जाऊन बसली. दादा लहानपणीच तापानं गेला. तेव्हापासून गाडी चादरीखाली आणि खोलीची किल्ली आईच्या कमरेला. आता माझी लेक ती चालवण्याएवढी झाली होती. माझं स्वतःचं गॅरेज असताना घरची गाडी गंजत ठेवायची, हे काही मला पटेना. मी हट्टालाच पेटले, तेव्हा कुठे किल्ली मिळाली.

आधी पुढचा फोर्क, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या तेलाच्या नळ्या, खोलायला घेतला. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं तेल काळं आणि चिकट होत जातं, त्यामुळे आतून डांबरच निघणार, अशी माझी खात्री होती. वरचा नट काढून नळी ट्रेमध्ये उपडी केली, तर पाण्यासारखं स्वच्छ तेल आलं. वास ओळखीचा होता. शिलाई मशीनचं तेल! फोर्कची तेल अडवणारी रबरी सील तेव्हाच फाटली होती, तेल सारखं गळायचं, म्हणून दादा आईच्या कुपीतलं चोरून ओतायचा. बोलणी खायचा आणि परत ओतायचा.

मग कुलपातल्या गाडीत हे ताजं तेल कुणी ओतलं? मग मलाच माझा राग आला. भलतंसलतं मनात आणायचं नाही, असं स्वतःला दटावून मी नवीन सील बसवल्या, गॅरेजमधलं चांगलं तेल भरलं आणि नट आवळले. फोर्क मऊ दबला, मऊ वर आला. एक थेंब बाहेर नाही. मी जाम खूश.

पुढे एका दुपारी आई कुपी हलवत माझ्यापुढे उभी राहिली.

"भरलेलीच आहे," ती म्हणाली.

"मग बरंच की. तेल संपलं म्हणून रोज तूच ओरडायचीस."

"तू काय केलंस गं त्या गाडीला?"

"गळती बंद केली. आणखी काय करणार?"

आईनं कुपी माझ्या हातात दिली. "इतकी वर्षं येत होता गं. कधी दिसला नाही, पण तेल न्यायचा. मी मुद्दाम कुपी बाहेर ठेवायची. आता त्याला यायला कारणच ठेवलं नाहीस तू."

आईचं डोकं फिरलंय, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तो वास मी स्वतः घेतला होता. मला रडू आलं.

भंगाराच्या डब्यातून त्याच फाटक्या सील शोधून काढल्या आणि परत बसवल्या. असं काम दुसऱ्या कुणी केलं असतं, तर मी त्याला गॅरेजच्या दारात उभं केलं नसतं. फोर्क कोरडाच ठेवला, गाडी जागेवर नेली, चादर घातली, कुलूप लावलं. लेक रुसली. तिला दुसरी घेऊन देईन म्हटलं.

बरेच दिवस काहीच झालं नाही. आई जेवणावरून उठून कुपी बघून यायची आणि ताट तसंच राहायचं.

मग एका सकाळी मी दात घासत असताना आतून ओरडा आला, "मेलं तेल संपलं परत! या घरात एक वस्तू धड राहील तर शपथ!"

इतकं आनंदानं चिडलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. किल्ली घेऊन मागच्या खोलीत गेले. कुलूप तसंच होतं, चादरही तशीच. फोर्कखाली फरशीवर तेलाचा ताजा थेंब पडला होता. मी बघत असतानाच दुसरा पडला.

मी तो पुसला नाही.